चिंचणीचे ताम्रपट आणि जुन्या कैरोंतील कागद

(१)

शके ८४८ (इ. स. ९२६) च्या एका ताम्रपटांत संयान मंडलाचा, म्हणजे संजाण प्रांताचा, अधिपति म्हणून एका ताजिकाचें (अरबाचें) नांव येतें, आणि तो ताम्रपट सांपडला चिंचणीस. या एका गोष्टीच्या मागें लागून आम्ही गेल्या हिवाळ्यांत मिसर देशाची राजधानी जी कैरो तेथपर्यंत जाऊन आलों. प्रवासवर्णन लिहिणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. चिंचणीचे ताम्रपट घरीं बसून वाचतांना जे प्रश्न पडत होते, ते कैरोच्या जुन्या भागांत उभें राहिल्यावर कोणत्या रीतीनें निराळे दिसूं लागले, एवढेंच वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

चिंचणी हें गांव पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होतें. १ ऑगस्ट २०१४ पासून तें नव्या पालघर जिल्ह्यांत मोडतें. खाडीच्या उत्तरेस चिंचणी व दक्षिणेस तारापूर अशी ही जोडगांवें आहेत. तारापूरचा किल्ला १७३९ च्या जानेवारींत चिमाजीअप्पांच्या फौजेनें पोर्तुगीजांपासून घेतला व त्या झुंजींत बाजी भिवराव पडले, हें मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्याच्याही मागील आठशें वर्षांविषयीं या भागांतील जाणत्या लोकांसही सांगण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. १९५५ सालीं चिंचणीस ताम्रपट सांपडले आणि डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं ते वाचून प्रसिद्ध केले, तेव्हां ही स्थिति पालटली.

(२)

या संग्रहांत एकंदर पांच लेख आहेत. पहिला राष्ट्रकूट तिसरा इंद्र याच्या वेळचा; दुसरा तिसरा कृष्ण याच्या वेळचा; आणि पुढील तीन अनुक्रमें शके ९५६, ९६९ व ९७५ चे, म्हणजे शिलाहारांच्या अमदानींतील. इतक्या थोड्या पत्र्यांवर सव्वाशें वर्षांचा, एकाच मंडलाचा व मुख्यत्वें एकाच मठिकेचा वृत्तांत असावा, हें भाग्य आपल्या किनाऱ्यावरील थोड्याच स्थळांच्या वांट्यास आलें आहे.

पहिल्या लेखांतील ताजिकाचें नांव मधुमति. त्यासच सुगतिप असेंही म्हटलें आहे. मधुमति हें महंमद या नांवाचें संस्कृत रूप होय. दुसरा कृष्ण (इ. स. ८७८–९१४) यानें त्यास संयान मंडलावर नेमिलें. त्यानें किनाऱ्यावरील वेलाकुलांचे, म्हणजे बंदरांचे, अधिपति जिंकून तेथें आपले अधिकारी बसविले. दोन प्रवाहांवर त्यानें फुकट तरी चालविली, आणि संयान येथें सत्र घालून तेथें साळीचा भात, कालवण व तूप विनामूल्य मिळेल अशी व्यवस्था केली. त्याच्या पुव्वय्या नामक मंत्र्याचा मित्र अण्णय्या या ब्राह्मणानें संयान येथें एक मठिका बांधिली. तिची डागडुजी, देवीचा नैवेद्य व पंचगौडीय महापरिषदेंतील नऊ जणांचें भोजन यांसाठीं कोलिमहार विषयांतील कानाडुक हा गांव व देवीहर येथील कांहीं जमीन राजाच्या अनुमतीनें मधुमतीनें दिली.

दुसऱ्या लेखांत हीच मठिका शेजारच्या भिल्लमालदेवाशीं जमिनीच्या वादांत गुंतलेली दिसते. भिल्लमाल म्हणजे राजस्थानांतील भिनमाळ. तेथून आलेल्या व्यापाऱ्यांनीं हें देवालय उभारिलें होतें. मठिकेनें देवास दरसाल ४० द्रम्म द्यावे, असा तो वाद मिटला. शके ९५६ (इ. स. १०३४) च्या लेखांत चामुंडराज हा मांडलिक एक तेलाचा घाणा मठिकेस देतो. तेल देवीच्या दिव्यासाठीं, आणि मठिकेंत येणाऱ्या स्वाध्यायी पाहुण्यांच्या पायांस लावण्यासाठीं. आपल्याकडे पाहुण्यास आधीं पाय धुण्यास पाणी देतात. त्या पाण्यापुढची ही पायरी एका राजशासनांत कोरली जावी, हें वाचून कोणासही संतोष होईल. याच लेखांत दानाची आज्ञा ज्या नागरिकांस कळविली आहे, त्यांत अल्लिय, मधुमत अशीं नांवें आहेत आणि हंयमन हा शब्द आहे. अल्लिय म्हणजे अली. हंयमन म्हणजे पारशी लोकांचें अंजुमन, असें विद्वानांचें मत आहे. इराणांतून पारशी संजाणास कसे आले, हें सांगणारा संजाणचा किस्सा इ. स. १६०० च्या सुमारास रचला गेला. त्याच्याही साडेपांचशें वर्षें आधीं तेथें पारशांचा समाज नांदत होता, याचें तत्कालीन प्रमाण असें चिंचणीच्या तांब्यावर मिळतें. संजाण हल्लीं गुजराथेच्या वलसाड जिल्ह्यांत आहे; चिंचणीहून तें दहा-बारा कोसांपलीकडे नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, राष्ट्रकूटांसारख्या बलाढ्य घराण्यानें किनाऱ्याचें मंडल एका अरबाच्या हातीं दिलें व त्या अरबानें देवीच्या मठिकेस गांव देवविला, हा केवळ चमत्कार समजावयाचा, कीं त्या काळची सर्वसाधारण रीत? एक ताम्रपट पुढें ठेवून याचा निर्णय होत नाहीं. त्यास जोडीला दुसरें साधन पाहिजे, आणि तें आपल्या किनाऱ्यावर नाहीं.

(३)

अल् मसूदी म्हणून प्रसिद्ध असलेला बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ (इ. स. ९१६–१७) मध्यें सैमूर, म्हणजे चौल, येथें होता. त्या वेळीं तेथें झंझ नांवाचा शिलाहार राजा बल्हराच्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या, हुकमतीखालीं राज्य करीत होता. आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथील व येथेंच जन्मलेले असे सुमारें दहा हजार मुसलमान त्या बंदरीं राहत होते, असें तो लिहितो. बल्हरा मुसलमानांस जितका मान देतो तितका हिंदुस्थानांतील दुसरा कोणताही राजा देत नाहीं, असेंही त्याचें सांगणें आहे. याच साली तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कनबलूहून ओमानला गलबतानें परतला. मधुमतीची नेमणूक ९१४ च्या पूर्वींची व ताम्रपट ९२६ चा. तेव्हां मसूदी आपल्या किनाऱ्यावर उतरला, त्या वेळीं संजाणास मधुमतीचाच अंमल असला पाहिजे. दोघांची भेट झाली असें म्हणण्यास कांहींही आधार नाहीं, आणि आम्ही तसें म्हणतही नाहीं. तथापि एकाच पिढींतील दोन साक्षी, एक अरबी व एक संस्कृत, परस्परांस ठाऊक नसतां एकच गोष्ट सांगतात, हें महत्त्वाचें आहे.

हा मसूदी इ. स. ९५६ मध्यें मिसरांत फुस्तात येथें मरण पावला. फुस्तात म्हणजेच हल्लींचें जुनें कैरो. आमचें तेथें जाण्याचें पहिलें कारण हेंच.

मिसर जिंकल्यावर अम्र इब्न अल् आस यानें ६४१–४२ च्या सुमारास नील नदीच्या पूर्व तीरावर, बाबिलोन नांवाच्या रोमन किल्ल्याशेजारीं, फुस्तात वसविलें. ९६९ मध्यें फातिमी सेनापति जौहर यानें उत्तरेस अल् काहिरा हें नवें नगर आंखिलें. त्यावरूनच कैरो हें नांव आलें. तोंपर्यंत देशाचा कारभार फुस्तात व त्यास लागून उठलेल्या वसाहतींतून चाले. राजधानी हलली तरी फुस्तातचा व्यापार पुढें दोनशें वर्षें हलला नाहीं. इराणी प्रवासी नासिर-इ-खुस्रौ १०४७ मध्यें येथें आला, तो चौदा मजल्यांच्या घरांचें वर्णन करितो. १०४७ म्हणजे शके ९६९. चिंचणीचा चौथा लेख त्याच शकाचा. ११६८ मध्यें क्रूसेडवाल्यांचा राजा अमालरिक चालून आला असतां शावर या वझिरानें शहर शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून फुस्तातला आग लावविली. त्यानंतरचें फुस्तात म्हणजे मुख्यतः उकिरड्यांचीं टेकाडें.

आज तेथें जाणें सोपें आहे. भुयारी गाडीच्या मार गिरगिस या स्थानकावर उतरलें, कीं समोरच बाबिलोन किल्ल्याचा गोल बुरूज दिसतो. त्याच्या आंतबाहेर कोप्ट ख्रिस्त्यांचीं देवालयें आहेत. किल्ल्याच्या दरवाजावर उभारलेलें, म्हणून टांगतें देऊळ म्हणविणारें, त्यांत मुख्य. तेथून थोडक्या अंतरावर यहुद्यांचें बेन एझ्रा हें प्रार्थनामंदिर आहे, आणि उत्तरेस अम्राची मशीद. तीन धर्मांचीं हीं स्थानें एका फेरींत पाहून होतात. हीं पाहत असतां संजाणची मठिका, भिनमाळच्या व्यापाऱ्यांचें देवालय, पारशांचें अंजुमन व अली-महंमद नांवाचे नागरिक आम्हांस एकामागून एक आठवूं लागले. फातिमी खलीफा अल् अझीझ (९७५–९९६) याचा इसा इब्न नस्तूरस हा वझीर ख्रिस्ती होता. मुसलमान राजाचा ख्रिस्ती वझीर आणि हिंदु राजाचा मुसलमान मंडलाधिपति हीं एकाच शतकांतील उदाहरणें होत. समुद्रावरील व्यापार ज्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता, अशा राज्यांस व्यापाऱ्यांची भाषा, हुंडी व चालरीत जाणणारा माणूस हवा असे. त्याचा देव कोणता, हा प्रश्न मागाहूनचा. मधुमतीची नेमणूक चमत्कार नव्हे, हें आमचें मत येथें पक्कें झालें.

(४)

परंतु बेन एझ्रा मंदिरापाशीं आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें याहून कडू आहे.

देवाचें नांव ज्यावर आलें असेल तो कागद फाडावयाचा नाहीं वा जाळावयाचा नाहीं, असा यहुद्यांचा नियम आहे. म्हणून निरुपयोगी झालेले कागद या मंदिराच्या एका बंद कोठडींत टाकीत. तिला गनीझा म्हणतात. कोठडीचें तोंड भिंतींत वर असून शिडी लावून तेथें पोंचावें लागे. धर्मग्रंथांबरोबर व्यापाऱ्यांचीं पत्रें, हिशेब, लग्नाचे करार, फारकती, औषधांच्या याद्या, मुलांचे कित्ते, सर्व कांहीं त्यांत पडलें. कैरोची हवा कोरडी. त्यामुळें तें टिकलें. १८९६–९७ मध्यें केंब्रिजचे पंडित सोलोमन शेख्टर यांनीं त्यांतील मोठा भाग नेला. केंब्रिज येथें आज सुमारें १,९३,००० तुकडे आहेत. एस. डी. गोइटाइन (१९००–१९८५) यांनीं त्यांतून हिंदुस्थानच्या व्यापाराचे कागद वेंचण्यांत आयुष्य घातलें. तें काम एम. ए. फ्रीडमन यांनीं पुढें चालवून २००८ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. या पत्रांत आपल्या ठाण्याचें नांव बंदर म्हणून येतें. मंगळूरला ११३२ ते ११४९ पर्यंत राहिलेला, तेथें पितळेचीं भांडीं घडविण्याचा कारखाना चालविणारा अब्राहम बेन यिजू हा व्यापारी त्यांतील सर्वांत परिचित. त्याची पत्नी अशू ही हिंदुस्थानी होती व बोम्म नांवाचा त्याचा चाकर गलबतावरून माल घेऊन एडनपर्यंत जात असे. एडनचे मित्र बेन यिजूस भेटीदाखल कोरा कागद धाडीत, कारण मलबारांत तो दुर्मिळ. आणि बेन यिजू आलेल्या पत्रांच्या पाठींवर व समासांत आपले हिशेब लिही.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून दोन्ही साधनांची तुलना करावी. चिंचणीच्या तांब्यावर राजा, मांडलिक, गांव, द्रम्म व घाणा आहे. मधुमतीच्या बायकोचें नांव नाहीं. त्याचें गलबत कधीं बुडालें तें नाहीं. मिरीचा भाव नाहीं. मठिकेंत कोण काय शिकत होतें तेंही नाहीं. फुस्तातच्या कागदांत राजा क्वचित् आहे, आणि बाकीचें सर्व आहे. याचा अर्थ असा नव्हे कीं, संजाणास हिशेब लिहीत नव्हते. बंदरांत अधिकारी बसविणारा, सत्र चालविणारा, दरसाल ४० द्रम्मांची देवघेव पाहणारा कारभार दप्तराशिवाय चालत नाहीं. तें दप्तर भूर्जपत्रावर, ताडपत्रावर किंवा अन्य कशावर असेल. कोंकणच्या पावसानें, वाळवीनें व माणसांच्या निष्काळजीपणानें त्याचें एक पानही उरलें नाहीं. ताम्रपट म्हणजे दप्तर नव्हे. तो दप्तराचा एक थेंब, आणि तोही तांब्याचा म्हणून राहिलेला. आपल्या लेखांतून आपण पुष्कळ वेळां, अमुक गोष्टीचा उल्लेख नाहीं, सबब ती नव्हती, असें लिहितों. बेन एझ्रा पाहिल्यानंतर तें वाक्य आम्हांस लिहवणार नाहीं.

(५)

फुस्तातच्या परिसरांतील तीन गोष्टींचा उल्लेख करणें अवश्य आहे.

पहिली, रोडा बेटाच्या दक्षिण टोंकास असलेलें नीलमापक. ८६१ मध्यें खलीफा मुतवक्किलच्या आज्ञेनें तें बांधलें. खोल विहिरीच्या मध्यें हातांच्या खुणा केलेला खांब उभा आहे. पुराचें पाणी किती हात चढलें यावरून पीक किती व सारा किती हें ठरे. आपल्याकडील आणेवारीच ही, फक्त शेतांत न जातां नदींत पाहिलेली. १९७० मध्यें आस्वानचा उंच बंधारा पुरा झाल्यापासून नीलेस तो पूरच येत नाहीं, म्हणून हें माप आतां केवळ पाहण्याचें राहिलें आहे.

दुसरी, फुस्तातचीं टेकाडें. त्यांत सांपडलेल्या चिंध्यांत निळीनें व मंजिष्ठेनें रंगविलेले, ठशांनीं छापलेले गुजराथी सुती कापडाचे तुकडे आहेत. आर. फिस्टर यांनीं १९३८ मध्यें त्यांवर प्रथम ग्रंथ लिहिला. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयांत असे सुमारें १,२०० तुकडे असून त्यांतील कांहीं कार्बन-परीक्षेनें १० व्या-११ व्या शतकांइतके जुने ठरले आहेत. संजाण येथें २००२ ते २००४ या काळांत उत्खनन झालें, तेव्हां इराण-इराककडील पेरोजी झिलईचीं व चिनी मातीचीं खापरें निघालीं. चिनी खापरें फुस्तातलाही विपुल आहेत. समुद्राच्या दोन्ही टोंकांचा कचरा एकमेकांशीं जुळतो, यापरता व्यापाराचा बळकट पुरावा कोणता? त्या टेकाडांवर अजूनही पायाखालीं खापरांचा चुरा लागतो. एक झिलईदार तुकडा उचलून खिशांत टाकण्याचा मोह आम्हांस झाला, हें लपवीत नाहीं. मिसरच्या १९८३ च्या ११७ व्या कायद्यानें तसें करणें गुन्हा आहे. परंतु कायदा नसता, तरी जागेवरून उचललेलें खापर मुकें होतें, हें संग्राहकांस आम्हीं सांगावयास नको.

तिसरी, फुस्तातांतच उभारलेलें राष्ट्रीय संस्कृति-संग्रहालय. प्राचीन राजांचे मसाला भरलेले देह २०२१ पासून तेथें ठेवले आहेत. त्यांत दुसरा रामसेस (मृत्यु इ. स. पूर्वीं १२१३) आहे. याच्या नाकपुड्यांत काळ्या मिरीचे दाणे सांपडले होते. मिरी ही आपल्या दक्षिण किनाऱ्याची वेल. हे प्रेत हिंदुस्थानी मलमलींत गुंडाळीत, ही आपल्याकडील जुन्या पुस्तकांतून वारंवार आढळणारी गोष्ट मात्र खरी नाहीं. तीं वस्त्रें मिसरांतच विणलेल्या जवसाच्या धाग्यांचीं आहेत. अभिमानास खरा आधार असतां खोटा कशास घ्यावा? गिझे येथील खुफूचा पिरॅमिड व सक्कारा येथील पायऱ्यांचा पिरॅमिड आम्हीं पाहिले. त्यांचीं वर्णनें मराठींत उपलब्ध असल्यामुळें येथें विस्तार करीत नाहीं.

(६)

नासिर-इ-खुस्रौ फुस्तातच्या बाजाराविषयीं एक बारीकशी गोष्ट नमूद करितो. तेथील वाणी व अत्तार गिऱ्हाईकास माल बांधून देण्यास कांच, माती वा कागद यांचें पात्र स्वतःच देत, गिऱ्हाईकास पिशवी आणावी लागत नसे. म्हणजे कागदाच्या पुड्या त्या काळींही होत्या, आणि त्या पुड्यांत काय काय गेलें असेल याची कल्पनाच केलेली बरी. जें पुडींत गेलें तें गेलें; जें शिडीवरून कोठडींत टाकलें तें राहिलें.

हें वाचून आम्हांस आमच्या घरच्या माळ्याची आठवण झाली. चिंचणीच्या आमच्या जुन्या घरीं मोडी कागदांचे रुमाल होते. एका पावसाळ्यांत कौलें सरकून ते भिजले. शाई उतरलेले, पानें चिकटलेले ते रुमाल आमच्या वडीलधाऱ्यांनीं पायदळीं येऊं नयेत म्हणून नमस्कार करून भरतीच्या वेळीं खाडींत सोडले. त्यांनीं अनादर केला नाहीं. अक्षरास देव मानणाऱ्या आपल्या लोकांची तीच रीत. यहुद्यांचा नियम व आपला नियम यांचें मूळ एकच आहे: अक्षराची विटंबना होऊं नये. त्यांनीं तें अंधारांत ठेविलें, आपण पाण्यांत सोडिलें, एवढाच भेद. पण त्या भेदानें एकीकडे दोन लाखांजवळ तुकडे राहिले आणि दुसरीकडे कांहीं राहिलें नाहीं. दोष आमचाही आहे. मोडी येत असतां आम्हीं त्या रुमालांची साधी यादीसुद्धां केली नव्हती. त्यांत काय होतें, हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती इतकीच. ज्यांच्याजवळ रुमाल, पोथ्या, पत्रे वा नाणीं आहेत, त्यांनीं ते कोठें व कसे मिळाले हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. भिजलेला कागद निरुपयोगी समजून विसर्जन करूं नये. आणि आपल्या संग्रहाची यादी निदान एका संस्थेंत तरी ठेवावी. शेतांत पुरलेलें धन सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्याचा नियम १८७८ च्या कायद्यापासून आहे, व पाऊणशें वर्षांवरील हस्तलिखितें १९७२ च्या पुरावस्तु-कायद्याखालीं येतात. परंतु कायदा माळ्यावर चढत नाहीं. तेथें घरच्या माणसासच चढावें लागतें.

परतल्यावर आम्ही चिंचणीच्या खाडीवर गेलों. ओहोटी होती. मधुमतीची फुकट तरी ज्या दोन प्रवाहांवर चाले, ते हे नव्हेत. ते संजाणच्या बाजूचे. तरीही पलीकडे तारापूरचा किल्ला दिसत असतां मनांत येऊन गेलें कीं, हजार वर्षांमागें या किनाऱ्यावरून पैशाविना पैलतीरास गेलेल्या माणसांची नांवें कोणीं लिहिलीं नाहींत, ज्यानें नेलें त्याचें तेवढें तांब्यानें राखलें. जें उरलें आहे, तें तरी आपल्या हातून पाण्यांत जाऊं नये. इत्यलम्.